मामाची तबकडी

आम्हा प्राध्यापक मंडळींच्या हातांना खडूपेक्षा जड काही उचलायची सवय नसते. असा मी 2023 सालच्या उन्हाळी सुटीत कॅलिफोर्नियात पासादेनाला धाकट्या बहिणीकडे गेलो आणि ऐन चव्वेचाळिशीत चक्क तबकड्या फेकू लागलो!

निमित्त झाले सोळा वर्षांच्या भाच्याचे. लहानपणी माझ्या मांडीवर बसून गोष्टी ऐकणारा हा मुलगा आता 'हो', 'नाही' यापलीकडे बोलेना. बहीण म्हणाली, "दादा, त्याच्याबरोबर खेळायला जा. घरात तो बोलायचा नाही."

म्हणून आम्ही जवळच्या ओक ग्रोव्हला गेलो. डिस्क-गोल्फचे हे आद्यपीठच! 1975 साली एड हेडरिक या गृहस्थांनी ते मैदान आखले. या खेळात काठी नाही, चेंडू नाही. खांबाला लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी तीत पाडायची. हेडरिक 2002 साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून तबकड्या घडवल्या गेल्या. निष्ठा म्हणतात ती ही!

भाच्याच्या पिशवीतली सर्वांत धारदार काठाची तबकडी मी उचलली. तिच्यावर वेगाचा आकडा होता 12. सारे बळ एकवटून फेकली, तर ती डावीकडे वळून थेट झुडपात! दुसरी तशीच, तिसरीही तशीच. रात्री खांदा ठणकू लागला. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "पुरे झाले बाबा."

तेव्हा भाचा प्रथमच सलग बोलला. "मामा, डिस्क चांगली आहे. पण तुझा हात अजून हळू आहे."

मग त्याने तबकडीवरच्या चार आकड्यांचा अर्थ सांगितला: वेग, तरंगणे, सुरुवातीचे वळण आणि अखेरचे वळण. उजव्या हाताने छातीसमोरून फेकलेली तबकडी वेग ओसरताच डावीकडे झुकते. जलद तबकडीला तिच्याजोगा वेग मिळाला नाही, तर ती फार लवकर झुकते. त्याने माझ्या हाती गोल काठाची, 3 आकड्याची तबकडी दिली.

"हात अंगाभोवती फिरवू नको, छातीजवळून सरळ ओढ. आधी भार पुढच्या पायावर, मग कंबर, मग खांदा, मनगट शेवटी. पुढची कड वर नको, नाहीतर ती वर चढून थांबते. आणि जोर नको!"

तबकडी सरळ गेली. फार लांब नाही, पण सरळ.

मी मात्र मनाने माझ्या वर्गात पोचलो होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती मी पहिल्याच महिन्यात अवघडातला अवघड ग्रंथ देतो आणि ती भरकटली, की 'हल्लीची मुले!' म्हणून कपाळाला हात लावतो. ग्रंथ वाईट नव्हते, मुलेही नव्हती. निवड माझी चुकत होती. त्यापुढे रोज संध्याकाळी आम्ही खेळलो. आणि झुडपांत तबकड्या शोधता शोधता भाचा शाळेतल्या गोष्टीही सांगू लागला.

निघायच्या दिवशी त्याने ती तबकडी माझ्या बॅगेत ठेवली. तिच्यावर शाईने, वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिले होते: 'माम'. शेवटचा काना राहिला होता.

बावीस वर्षे मी शुद्धलेखन तपासत आलो आहे. तो काना मात्र मी दिला नाही.