गरीब, मगरिब आणि गोव्याचा रुपया

माढा : सूर्यास्त झाला की माढ्यातील मशिदीतून मगरिबची अजान होते. मगरिब म्हणजे सूर्य मावळण्याची वेळ आणि तीच पश्चिम दिशाही. अरबी भाषेतील ‘ग-र-ब’ या तीन अक्षरी धातूपासून हा शब्द तयार झाला आहे. दूर जाणे, दिसेनासे होणे, अस्तास जाणे असे या धातूचे अर्थ आहेत. त्यापासूनच ‘गर्ब’ म्हणजे पश्चिम आणि ‘गुरूब’ म्हणजे सूर्यास्त हे शब्द आले.

मराठीला ही अर्थछटा अपरिचित नाही. माढा तालुक्यातील शेतकरी आजही ‘उगवतीकडचे रान’, ‘मावळतीचा बांध’ असे सहज बोलतो. पुण्याच्या पश्चिमेकडील मावळ प्रांताचे नावही मावळतीशी जोडले जाते. दिशेवरून प्रदेशाला नाव देण्याची हीच रीत अरबांनी फार मोठ्या भूभागावर वापरली.

आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याचा पश्चिम भाग त्यांच्यासाठी ‘मगरिब’ झाला. मोरोक्को हे नाव आपल्याकडे माराकेश शहरावरून युरोपीय भाषांमार्फत आले. त्या देशाचे अरबी नाव मात्र आजही ‘अल्-मगरिब’ असेच आहे. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात ‘गर्बिया’ नावाचा प्रांत असून तांता हे त्याचे मुख्य शहर आहे. स्पेनमधील ट्रफाल्गर या भूशिराचे नाव ‘तरफ अल्-गर्ब’ म्हणजे पश्चिमेचे टोक यावरून आले, असे एक मत आहे. काही अभ्यासक त्याचा संबंध गुहेशी जोडतात. १८०५ मध्ये याच भूशिराजवळ नेल्सनच्या आरमाराने फ्रेंच-स्पॅनिश आरमाराचा पराभव केला.

महाराष्ट्राच्या अगदी जवळ आलेले उदाहरण पोर्तुगालचे आहे. अरब सत्तेखालील आयबेरियाचा पश्चिम भाग तो ‘अल्-गर्ब’. पोर्तुगालच्या तिसऱ्या अफोन्सोने १२४९ मध्ये तेथील फारो जिंकले. परंतु अरबी नाव कायम राहिले आणि त्याचे ‘अल्गार्व’ झाले. पुढे पोर्तुगालचे राजे ‘पोर्तुगाल आणि अल्गार्व’ अशी बिरुदावली लावू लागले. गोव्यासाठी १८८१ मध्ये पाडलेल्या रुपयावर पहिल्या लुईश राजाच्या मुखवट्याभोवती हेच बिरुद लॅटिनमध्ये संक्षेपाने कोरलेले आहे. १९१० मध्ये पोर्तुगालमधील राजेशाही संपली आणि बिरुदही गेले. अल्गार्व हे प्रदेशाचे नाव मात्र टिकले.

याच धातूची सर्वांत जवळची खूण मात्र नकाशावर नाही, ती रोजच्या बोलण्यात आहे. ‘गरीब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परका, आपल्या मुलखापासून दूर गेलेला. बहमनी काळात इराण, मध्य आशिया आदी भागांतून दख्खनमध्ये आलेल्या सरदारांना ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’ म्हणत. ते निर्धन मुळीच नव्हते. अनेकांच्या हाती मोठी सत्ता होती. स्थानिक दख्खनी सरदारांशी त्यांचे हाडवैर होते. इराणच्या गिलान प्रांतातून आलेला वजीर महमूद गवान या वैराचा बळी ठरला. बनावट पत्राच्या आधारे त्याच्यावर फितुरीचा आरोप झाला आणि १४८१ मध्ये सुलतानाच्या हुकमावरून त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्यानंतर काही वर्षांतच बहमनी राज्याचे तुकडे पडू लागले. सोलापूरच्या किल्ल्यासाठी पुढे आदिलशाही आणि निजामशाही दीर्घकाळ झुंजत राहिल्या.

परक्या मुलखात ना आप्त, ना जमीन. त्यामुळे परका तो निराधार आणि निराधार तो निर्धन, असा या शब्दाचा अर्थ फारसीच्या वाटेने बदलत गेला. मराठीत तो आला तेव्हा त्यातील दिशा हरवली होती आणि दैन्य तेवढे उरले होते. पोटासाठी गाव सोडून परमुलखात राबणाऱ्याला आपण आजही गरीबच म्हणतो. त्याच्या बाबतीत मात्र या शब्दाचे जुने आणि नवे असे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात.