विहारापुढची हिरवळ आणि एप्रिलचे पाणी

अलीकडे पुष्कळ वस्त्यांत बुद्धविहारापुढे हिरवळ लावण्याची चाल पडली आहे. चांगली गोष्ट आहे. धूळ उडत नाही, पावसात चिखल होत नाही, रविवारच्या धम्मवर्गाला मुले सतरंजी टाकून बसू शकतात. पण गवत निवडले जाते रोपवाटिकेतल्या हिरव्यागार नमुन्यावर भाळून, आणि मग १४ एप्रिलला ते तसेच दिसावे म्हणून मार्चपासून टँकर सुरू होतात.

समितीने आधी हिशेब मांडावा. अंगण एक हजार चौरस फुटांचे धरा. कडक उन्हात गवत हिरवे ठेवायचे तर आठवड्याला निदान एक इंच पाणी लागते, म्हणजे सुमारे २,३०० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर दीडशेहून अधिक हंडे, दर आठवड्याला! मराठवाड्यात १२ एप्रिल २०१६ रोजी, जयंतीच्या अवघ्या दोन दिवस आधी, मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला न्यावे लागले होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला, त्यांच्या विहारात गवताला पाइप आणि फाटकाबाहेर मायमाउल्यांची हंड्यांची रांग, हे दृश्य कोणालाही शोभणारे नाही.

मग हिरवळ लावूच नये का? जरूर लावावी, पण गवत आपल्या हवेचे असावे. असे गवत आपल्या पायाखालीच आहे, ते म्हणजे हरळी. आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यांच्या शेतात हरळीच्या काशा खणून वेचताना कंबरडे मोडून घेतले, म्हणून तिचे नाव काढले की जुनी माणसे तोंड वाकडे करतात. पण शेतात जो तिचा दोष, तोच अंगणात गुण ठरतो. तिच्या काशा जमिनीत खोल पसरतात. पाणी तुटले की पाने वाळतात, गवत पिवळे-तपकिरी पडते. पण ते मेलेले नसते, झोपलेले असते. पाऊस पडताच काशांतून पुन्हा फुटते. रोपवाटिकेत मिळणारे गालिच्यासारखे मऊ कोरियन गवत दिसायला देखणे, पण फार सावकाश वाढते. एकदा उखडले की भरून यायला वर्ष जाते. रुंद पानाचे बफेलो थोडी सावली सोसते, मात्र पाणी जास्त मागते. हरळीची अट एकच, दिवसातून निदान सहा तास ऊन. म्हणून बोधिवृक्षाखाली तिचा हट्ट धरू नये. तिथे पार बांधावा, बसायला गारही वाटते.

लावणी पावसाच्या तोंडाला करावी. जमीन वीतभर खणून लव्हाळ्याच्या गाठी एकूण एक वेचाव्यात, नाहीतर पुढे तोच राज्य करतो. चांगले कुजलेले शेणखत मिसळून, पाणी भिंतीकडे मुरणार नाही असा उतार द्यावा. तयार गालिचाच आणायचा असेल तर आणल्या दिवशीच अंथरावा, सांधे विटांच्या बांधकामासारखे आडवे-तिडवे घ्यावेत आणि रूळ फिरवावा. पण पैसे कशाला घालवता? बांधावरच्या काशा आणून बोटभर लांबीचे तुकडे करून चार-चार इंचांवर खोचल्या, तर एका पावसाळ्यात अंगण भरते. युवक मंडळाचे एका रविवारचे श्रमदान पुरते.

लावल्यावर दीड-दोन महिने कोणाला पाय ठेवू देऊ नये. विनयपिटकात वर्षावासाचे कारण दिले आहे, ते इथे आठवते. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू हिरवे गवत तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी त्यांना त्या काळात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला.

रोज थोडे थोडे शिंपडण्याची सवय सर्वांत वाईट. त्याने मुळे वरच राहतात आणि दोन दिवस खाडा पडला की गवत करपते. पाणी आठवड्यातून एकदा, पहाटे, वीतभर मुरेल असे द्यावे. काळ्या जमिनीत ते दोन-तीन हप्त्यांत थांबून थांबून द्यावे म्हणजे वाहून जात नाही. फेब्रुवारीपासून युरिया बंद. कापताना पात्याचा एक तृतीयांश भागच काढावा आणि उन्हाळ्यात गवत दोन इंच उंच राहू द्यावे. त्याच्या सावलीने माती गार राहते.

मार्चनंतर हरळीला झोपू द्यावे. तीन-चार आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी मिळाले तरी काशा जिवंत राहतात. भोजनदानात तांदूळ, भाज्या धुतलेले पाणी तिकडेच वळवावे. साबणाचे मात्र नको. या काळात तुडवलेले गवत भरून येत नाही, म्हणून जयंतीचा मांडव, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपकाचे खांब गवतावर नकोत. फाटकापासून विहाराच्या पायरीपर्यंत फरशीची वाट आधीच करून घ्यावी. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालायला आलेला माणूस गवत पिवळे आहे म्हणून परत जात नाही. तरीही कोणी विचारले तर त्याला खाली बसवून एक काशी उकरून दाखवावी, आत पांढरी, रसरशीत असते. पाऊस सुरू झाला की दोन आठवड्यांत अंगण हिरवे होते. जिथे टक्कल राहील तिथे कडेच्या काशा काढून खोचाव्यात.