हंबरडा : पशूंना मरण कळते काय?

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते वर्गात एखादा शब्द घेऊन तास संपेपर्यंत त्याचा पिच्छा पुरवीत. त्यांचीच रीत उचलून मी आज ‘हंबरडा’ हा शब्द घेतला आहे. तो गाईच्या हंबरण्याचा. परंतु घरात कोणी गेले की हंबरडा माणसे फोडतात. ‘वात्सल्य’ हा शब्दही वत्सापासून, म्हणजे वासरापासून, सिद्ध झाला. आईची माया आणि तिचा आक्रोश, या दोहोंसाठी भाषेला गोठ्यात जावे लागले. मग मरण म्हणजे काय, हे त्या गाईला कळते काय?

मी सात-आठ वर्षांचा असताना खानापूर तालुक्यातील आमच्या घरी कपिलेचे वासरू दगावले. ती पान्हा सोडीना. तेव्हा वडिलांनी वासराच्या कातड्यात पेंढा भरवून ते तिच्यापुढे ठेवले. ती ते चाटू लागली आणि पान्हा फुटला. वासाने व स्पर्शाने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, हे मी पुष्कळ पुढे वाचले. पण रात्री तीच गाय, वासराला ज्या वाटेने नेले त्या वाटेकडे तोंड करून हंबरत असे. ती फसली होती, की नव्हती?

येथे आपण तीन गोष्टींची गल्लत करतो. पहिली भय. वाघाचा वास येताच भीमगडच्या रानातील गवे उधळतात, त्याला मरणाची कल्पना असावी लागत नाही. मेलेल्या कावळ्याभोवती कावळे जमून कालवा करतात. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की मेलेला कावळा हाती धरणाऱ्याचा मुखवटा ते कित्येक आठवडे विसरले नाहीत. हे सुतक नव्हे, सावधगिरी आहे.

दुसरी गोष्ट वियोगाची. 2018 साली उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ एका ऑर्का मादीने आपले मेलेले पिल्लू 17 दिवस वाहून नेले. याला शोक म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

तिसरी गोष्ट खरी अवघड : गेलेला परत येत नाही, ही जाण. उत्तर बंगालच्या चहामळ्यांत हत्तींनी 5 मृत पिल्ले चरांत, पाय वर राहतील अशी, पुरल्याचे भारतीय अभ्यासकांनी 2024 साली नोंदविले. सुसाना मोन्सो ही स्पॅनिश तत्त्वचिंतक म्हणते, की मृत्यूची जाण माणसाइतकी परिपूर्ण असलीच पाहिजे असे नाही. हा आता हलणार नाही आणि पुन्हा कधी हलणार नाही, एवढे उमगले तरी ती जाणच. मला हे पटते. परंतु ‘मीही मरेन’ हे पशूला ठाऊक असल्याचा पुरावा मला कोठे आढळला नाही. अर्थात यक्षप्रश्नांतील युधिष्ठिराला विचाराल, तर रोज मरणे पाहूनही स्वतःला चिरंजीव समजणारा प्राणी माणूसच!

कपिलेने पुढे ते कातडे चाटणे सोडले. शिंगाने बाजूला सारून ती वैरण खाऊ लागली. वडिलांनी ते माळ्यावर टाकले. तिचे दूध मात्र त्या वेतात आमच्या आईने तोंडी लावले नाही. कारण तिने कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.