अॅलर्जीचे इंजेक्शन घेतल्यावर लगेच एस. टी. गाठू नका



गाजर गवत फुलोऱ्यात आले की काही जणांना शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात, रात्री धाप लागते. हा परागाचा त्रास. (मानेला, हातांना खाज सुटून कातडी जाड होते तो प्रकार वेगळा, तो त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.) गोळ्यांनी भागत नसेल तर तज्ज्ञ डॉक्टर तपासणी करून इंजेक्शनांचा कोर्स सुचवतात. पद्धत जुनीच आहे. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ साली ती गवताच्या परागावर वापरली होती.

ज्याचा त्रास, त्याचाच अर्क थोडाथोडा वाढवत टोचायचा. खोंडाला जुवाची सवय लावतो ना, तसेच. कोर्स ३ ते ५ वर्षे चालतो. पण पहिल्याच दिवशी भरली गाडी जुंपली तर खोंड उधळणारच! तसे अंगही कधी उधळते.

टोचल्या जागी खाज, थोडी सूज येते. गार पाण्याची पट्टी ठेवा. मात्र तळहात खाजू लागले, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला, छातीत शिट्टी वाजू लागली किंवा चक्कर आली, तर ती जिवावरची गोष्ट समजा. असा त्रास बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच होतो. म्हणून टोचल्यावर ३० मिनिटे दवाखान्यातच बसायचे. एस. टी. चुकली तर पुढची मिळेल.

यावर पहिला उपाय म्हणजे मांडीत अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच बाटली घरी आणून गावातल्या कुणाकडून टोचून घेणे मला अजिबात पसंत नाही, मग पैसे कितीही वाचोत. वाटेत किंवा घरी त्रास झालाच, तर १०८ ला फोन करा. रोग्याला आडवे निजवून पाय उंच ठेवा; धाप असेल तर बसते ठेवा, पण चालवत नेऊ नका. बरे वाटले तरी दवाखान्यात न्याच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा: दमा उसळला आहे का, ताप आहे का, मागचा डोस चुकला का, मागच्या वेळी काय झाले, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे अॅड्रिनॅलिनचा गुण कमी येतो. बाईमाणसाला दिवस गेले असतील तर तेही सांगावे. आणि त्या दिवशी टोचून आल्या आल्या कुदळ हाती घेऊ नका, निदान दोन तास तरी.