राख आणि सिमेंट

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात आपल्या कित्येक घराण्यांच्या पिढ्या नांदल्या. तेथील कुंडी भंडारा 1615 च्या सुमाराचा, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीतील. सिमेंटचे नावही तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. त्या काळचे गवंडी चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, कालवीत. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही टिकणारे बंधक द्रव्य तयार होते. रोमन लोक त्यासाठी ज्वालामुखीची राख वापरीत.

आज हेच काम दगडी कोळशाची राख करते. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वीजकेंद्रांतून ती निघते, आणि पोझोलाना सिमेंटात ती 15 ते 35 टक्के घालण्यास भारतीय मानकाची मान्यता आहे.

आता शहरांचा कचरा जाळून उरलेली राखही सिमेंटात घालावी, असा विचार जगभर चालू आहे. जबलपुरास कचऱ्यापासून विजेचा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला, तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. कचऱ्याची राख मात्र दर दिवशी निराळी! तिच्यातील क्लोराइडांमुळे सळ्या गंजतात, ॲल्युमिनियमच्या कणांतून हायड्रोजन सुटून काँक्रीट फुगते, आणि शिसे व कॅडमियम पाण्यात उतरण्याचे भय असते. धुरातून गाळलेली बारीक राख तर फारच विषारी. भट्टीच्या तळाची जाड राख धातू वेचून, मुरवून नेदरलँड्समध्ये रस्त्यांच्या भरावात घालतात. तेथवर ठीक, राहत्या घरात ती कसोटीशिवाय येऊ नये, असे आम्हांस वाटते.

कोळशाच्या राखेचे सिमेंट घेताना पोत्यावर आय. एस. 1489 हा क्रमांक पाहावा. ते सावकाश बळ धरते, म्हणून निदान दहा दिवस त्यावर पाणी मारावे.