घरचा सर्व्हर, स्वतःच्या नावाचा ईमेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

'मी डोमेन विकत घेतलं' असं आपण सहज म्हणतो, पण डोमेन विकत मिळतच नाही. ते भाडेपट्ट्यावर मिळतं, आणि तेही एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. '.इन' आणि '.भारत' या नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. मुदत संपली आणि आपण विसरलो, तर दुसरा कुणीही ते नाव घेऊ शकतो. मग आपल्या पत्त्यावर येणारी पत्रं त्याच्या हाती पडतात, बँकेचे पासवर्ड बदलायचे दुवेसुद्धा. सर्व्हरच्या आधी काळजी घ्यायची ती मुदत संपण्याच्या तारखेची.

'डोमेन घेतलं की ईमेल आपोआप सुरू होतो' हाही असाच एक समज. नाव, त्या नावाची नोंदवही म्हणजे डीएनएस, आणि पत्रं स्वीकारणारा सर्व्हर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संकेतस्थळ कुठे आहे ते 'ए' रेकॉर्ड सांगतो, टपाल कुठे द्यायचं ते 'एमएक्स' रेकॉर्ड. त्यामुळे संकेतस्थळ घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आणि टपाल दुसरीकडे, अशी विभागणी खुशाल करता येते.

बहुतेक जण अडतात ते राउटरपाशी. पोर्ट उघडलं, तरी बाहेरून काहीच आत येत नाही, आणि माणूस रात्रभर सेटिंग बदलत बसतो. दोष बहुधा त्याचा नसतो. आयपीव्ही4 पत्ते अपुरे असल्यामुळे अनेक ब्रॉडबँड कंपन्या शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही त्याच्यामागे आहात. आयपी सतत बदलत असेल तर नोंद आपोआप बदलत ठेवणारा डायनॅमिक डीएनएस कामाला येतो, पण सीजीनॅटपुढे त्याचाही इलाज चालत नाही. कंपनीकडे सार्वजनिक स्थिर आयपी मागणं हाच सरळ मार्ग.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: 'पत्र येतं, म्हणजे जाईलही.' ईमेलचा पाया असलेलं एसएमटीपी 1982 मध्ये लिहिलं गेलं. तेव्हा पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोयच त्यात नव्हती. त्या भोळेपणाचा फायदा स्पॅमवाल्यांनी घेतला आणि त्याचे चटके आज घरच्या सर्व्हरला बसतात. पुष्कळ कंपन्या घरगुती जोडणीवरून पत्रं बाहेर पाठवण्याचं पोर्ट 25 बंद ठेवतात. ते उघडं असलं तरी स्पॅमहाउसच्या पीबीएलसारख्या याद्यांमध्ये घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे नोंदलेले असतात, आणि त्या पाहून समोरचा सर्व्हर पत्र नाकारू शकतो. शिवाय आयपीवरून नाव सांगणारा उलटा, म्हणजे पीटीआर रेकॉर्ड डोमेनधारकाला लावता येत नाही, तो आयपी पुरवणाऱ्या कंपनीच्या हातात असतो. जीमेल तर फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पाठवणाऱ्याकडे हा रेकॉर्ड मागतं, आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम या पत्राच्या डोमेनची ओळख पटवणाऱ्या पद्धतींपैकी निदान एक.

म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि त्यांच्या जोडीचं डीमार्क, तिन्ही लावावेतच. पण ते लावले की पत्र इनबॉक्समध्येच पोचेल, असं मानू नये. पत्र खरंच या डोमेनवरून आलं, एवढंच ते सिद्ध करतात. पाठवणारा भला आहे की नाही, हे त्यातून कळत नाही, कारण स्पॅमवालाही तिन्ही लावू शकतो. पत घडते ती महिनोन्महिने नीट वागून. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: पत्रं घरी घ्यावीत, साठवावीत, पण पाठवताना पोर्ट 587 वरून एखाद्या विश्वासू रिले सेवेचा आधार घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. नाव तुमचं, पेटी तुमची, फक्त वाहतूक दुसऱ्याची.

'वीज गेली की त्या वेळची पत्रं बुडाली' ही भीती मात्र अनाठायी आहे. सर्व्हर सापडला नाही, तर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि नियमावलीच्या शिफारशीप्रमाणे निदान 4-5 दिवस तरी. रात्रभर दिवे गेले म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते डिस्क मेल्यावर. रांगेतली पत्रं येतील, पण दहा वर्षांपूर्वीची कोण परत पाठवणार? बॅकअप घराबाहेरही हवा.

देवनागरी पत्त्याबद्दलही विचारणा होते. '.भारत' 2014 पासून देवनागरीत मिळतं, आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला 3.0 आवृत्तीपासून असे पत्ते समजतात. पण समोरच्या जुन्या सर्व्हरला आणि कित्येक अर्जांना ते अजून कळत नाहीत. हौसेने जरूर घ्या, जोडीला रोमन पत्ता ठेवा.

आणि एक विनंती. बँक, आयकर, दवाखाना यांचे पत्ते पहिल्या दिवशी बदलू नका. सहा महिने कमी महत्त्वाची पत्रं नव्या पत्त्यावर येऊ द्या, बॅकअपमधून एकदा सगळं परत उभं करून पाहा, आणि ते जमल्यावरच बँकेला नवा पत्ता कळवा.