‘चार्ज’ कोणावर, कशाचा?

‘चार्ज’ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मोबाइल चार्जिंगला लावतात, ग्रामसेवकाची बदली झाली की नवा माणूस चार्ज घेतो, मोर्चावर लाठीचार्ज होतो, पोलीस चार्जशीट दाखल करतात आणि गॅरेजवाला रविवारचा जादा चार्ज लावतो. खामगावच्या बाजारात असो की मेहकरच्या स्टँडवर, ऐकणारा अडखळत नाही. अडखळतो तो भाषांतर करणारा. कारण त्याला हा शब्द कागदावर उतरवायचा असतो आणि खाली सही-शिक्का मारायचा असतो.

बुलढाण्यात मी हेच काम करतो. मराठीचं इंग्रजी जास्त, इंग्रजीचं मराठी त्यामानाने कमी. खालच्या कोर्टात जबाब, पंचनामे, साक्षी मराठीत असतात. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं की तिथली भाषा इंग्रजी, त्यामुळे मराठी कागदांची भाषांतरं जोडावी लागतात. त्याखेरीज शैक्षणिक कर्ज, व्हिसा, परदेशातली नोकरी. उलट्या दिशेने येतात त्या बँकांच्या नोटिसा आणि विमा कंपन्यांची पत्रं. या सगळ्या ढिगात ज्या एका शब्दाजवळ माझा पेन हमखास थांबतो, तो म्हणजे हा.

सातबाऱ्यापासूनच बघू. डाव्या बाजूला भोगवटादाराचं नाव, पुढे क्षेत्र, आकार, पोटखराब, फेरफार क्रमांक. उजवीकडे ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. गावात याला सरळ ‘इतर हक्क’ म्हणतात. त्या रकान्यात एखाद्या बँकेचं किंवा सोसायटीचं नाव, पुढे ‘बोजा’ आणि रक्कम. आता ‘बोजा’ म्हणजे इंग्रजीत ‘चार्ज’, असं कोशात बघून लिहायला कोणाची हरकत नाही. पण जमिनीच्या कायद्यात गहाण आणि बोजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात गहाणाची व्याख्या कलम ५८ मध्ये आहे, बोजाची कलम १०० मध्ये. गहाणात मिळकतीतला हितसंबंध सावकाराकडे किंवा बँकेकडे जातो. बोजात तो जात नाही, मिळकत फक्त देण्याला बांधली जाते. सातबारा मात्र हा भेद पाळत नाही. बँकेचं रीतसर गहाणखत झालेलं असो की सोसायटीचं पीककर्ज, इतर हक्कात दोन्हीकडे ‘बोजा’च लागतो. म्हणजे इंग्रजी शब्दाला पाच अर्थ आहेत म्हणून आपण कुरकुरतो, आणि इकडे आपला तलाठी एका मराठी शब्दात दोन कायदे बसवतो.

मेहकरकडचे एक काका सातबारा घेऊन आले होते. मुलगा पुढच्या शिक्षणासाठी स्वीडनला निघाला होता आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या मुंबईच्या ऑफिसला कागद इंग्रजीत हवे होते.

“भाऊ, लवकर करून द्या. पोराच्या कर्जाले मांगतलं त्याईनं.”

“काका, फेरफार आणला का?”

“फेरफार कायले पायजे? बोजा म्हंजे बोजा. सोसायटीचा व्हता, मांगच्या सालीच भरला. निल दाखला बी हाये घरी.”

त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण इतर हक्कात नुसता बोजा नव्हता, त्याच्या अलीकडे ‘इकरार’ असाही शब्द होता. अरबीतून आलेल्या या शब्दाचा कोशातला अर्थ कबुली, करार. त्यावर विसंबून ‘अ‍ॅग्रीमेंट’ लिहिलं तर मुंबईचा विधी अधिकारी पहिला प्रश्न विचारेल: कोणाशी, विक्रीचा की काय? सातबाऱ्यावरचा इकरार हा विक्रीचा करार नसतोच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली कर्ज घेणारा सभासद लिहून देतो की माझ्या या जमिनीवर कर्जाचा बोजा राहील. ते हे प्रकटन. म्हणून इंग्रजीत मला कलमासकट पूर्ण ओळ लिहावी लागते: अमुक कलमान्वये बोजा निर्माण करणारं प्रकटन. एका शब्दाला अख्खी ओळ. काकांना तेवढ्यासाठी पुन्हा तलाठ्याकडे जावं लागलं. ते वैतागले, पण फेरफार घेऊन आले.

त्याच सातबाऱ्यावर आणखी एक गंमत होती. जुन्या उताऱ्यात रद्द झालेल्या नावाला किंवा बोजाला कंस करतात. ‘बोजाले कंस झाला’ असं कोणी म्हणालं की आपल्याकडे सगळ्यांना कळतं, की कर्ज फिटलं, नोंद गेली. इंग्रजी वाचणाऱ्याला कंसाचा अर्थ अगदी उलटा लागतो. त्याच्या लेखी कंसातला मजकूर म्हणजे जोडलेली जादा माहिती. कंस जसाच्या तसा उतरवला तर फिटलेलं कर्ज जिवंत होतं. म्हणून तिथे कंसाशेजारी ‘ही नोंद रद्द झालेली आहे’ अशी टीप द्यावी लागते. २०२० च्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी रद्द नोंदीवर आडवी रेघ येते. ती कुठल्याही भाषेतल्या माणसाला कळते. महसूल खात्याने भाषांतरकारांवर केलेला हा उपकार आहे. त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

कोर्टाच्या कागदांत ‘चार्ज’ आला की वाट बदलते. तिथे तो आरोप किंवा दोषारोप. पण कोणी ठेवलेला? आपल्याकडे पोलीस गुन्हा दाखल करतात, तपास संपल्यावर दोषारोपपत्र पाठवतात आणि त्यानंतर न्यायालय आरोपीसमोर दोषारोप वाचून दाखवतं. तो कायद्याच्या भाषेतला खरा ‘चार्ज’. त्यात काय काय असावं हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २११ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३४ मध्ये आहे. परदेशी नोकरीच्या अर्जात प्रश्न असतो: तुमच्यावर कधी ‘चार्ज’ ठेवला गेला आहे का? धुऱ्याच्या भांडणात नाव आलेला एखादा तरुण हा अर्ज घेऊन येतो. (धुरा म्हणजे शेताचा बांध. हा शब्दही नागपुरापर्यंत पोचतो, पण पुण्याच्या वकिलाला सांगावा लागतो.) त्याच्यावर गुन्हा दाखल आहे, कोर्टाने दोषारोप ठेवलेला नाही. प्रश्नाचं मराठी ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का’ असं केलं तर उत्तर हो, ‘न्यायालयाने दोषारोप ठेवला आहे का’ असं केलं तर नाही. अशा वेळी मी दोन्ही अर्थ कागदावर लिहून त्याला वकिलाकडे पाठवतो. भाषांतरकाराने उत्तर निवडून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘डिस्चार्ज’ तर घरोघरचा. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो, कार्डसुद्धा त्याच नावाचं. खडकपूर्णावरच्या संत चोखासागरातून पाणी सोडतात, तो विसर्ग. आणि कोर्टाने दोषारोप ठेवण्याइतकाही पुरावा नाही म्हणून आरोपीला सोडलं, तर तोही डिस्चार्ज. खटला चालून, साक्षीपुरावे होऊन सुटणं वेगळं. वर्तमानपत्रं दोन्हीला कधी ‘दोषमुक्त’ म्हणतात, कधी ‘निर्दोष’. वाचकाचं त्यात काही बिघडत नाही. पण खंडपीठापुढच्या भाषांतरात या दोहोंची अदलाबदल झाली तर खटला कुठल्या टप्प्यावर संपला हेच बदलतं. मी तिथे शब्दाच्या शोधात वेळ घालवत नाही. ‘दोषारोप न ठेवता सोडले’ असं सरळ लिहितो. लांब होतं, पण वाद उरत नाही.

हल्ली अनेक जण मोबाइलवर आधीच भाषांतर करून आणतात. ‘जरा तपासून घ्या, पैसे कमी घ्या’ असा त्यामागचा हिशेब. चोरीच्या प्रकरणातल्या इंग्रजी कागदाचं असंच एक भाषांतर माझ्याकडे आलं होतं. त्यात आरोपीवर कलम ३७९ खाली ‘शुल्क आकारण्यात आले’ असं छापलेलं. यंत्राचा दोष म्हणावा तर तेवढाही नाही. त्याच्यापुढे जगभरची हॉटेलची बिलं आणि बँकांचे खर्च जास्त आले असतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ नावाची भाषांतराची संगणक प्रणाली आणली, ती निव्वळ न्यायालयीन मजकुरासाठी, त्यामागे अडचण हीच असणार. कोर्टाच्या कागदाला कोर्टाचेच कागद वाचलेलं यंत्र लागतं. माणसालाही तेच लागू आहे.

शुल्क आणि आकार यांचा फरक मात्र आपल्या वीजबिलाने चांगला सांभाळला आहे. महावितरणचं बिल काढून बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि वेगळ्या ओळीत वीज शुल्क. आकार म्हणजे कंपनीचा ‘चार्ज’. शुल्क म्हणजे सरकारचा कर, इंग्रजीत ‘ड्यूटी’. ज्याने कोणी हे शब्द ठरवले त्याला दाद द्यायला हवी. गोंधळ इतकाच, की सातबाऱ्यावरही ‘आकार’ आहे आणि तो ‘चार्ज’ नाही. तो जमिनीवर बसवलेला सारा. त्याचं इंग्रजी ‘असेसमेंट’. कर्जाच्या एकाच फायलीत सातबारा आणि वीजबिल दोन्ही असतात, तेव्हा एकच मराठी शब्द दोन पानांवर दोन तऱ्हेने इंग्रजीत जातो आणि तपासणारा बाबू मला फोन करून विचारतो, की यातलं चूक कोणतं.

मेहकरचा तो मुलगा आता स्वीडनमध्ये शिकतो आहे. मधूनमधून त्याचे मेसेज येतात. तिथल्या भाषेत म्हणे या एका इंग्रजी शब्दाची साफ वाटणी झालेली आहे: सरकारी वकील ठेवतो ते ‘ओताल’, भरायचे पैसे ‘आवयिफ्त’, बॅटरीतला ‘लाडनिंग’, आणि एखादं काम ज्याच्याकडे सोपवलंय त्याची जबाबदारी ‘आन्सवार’. सगळे वेगळे, कोणाचा कोणाशी संबंध नाही. मला त्याचा हेवा वाटला नाही. इंग्रजी ‘चार्ज’ची मुळं लॅटिनमधल्या गाडीवाचक शब्दात आहेत, गाडीवर माल लादणे हा त्याचा मूळ अर्थ. आता आपले शब्द बघा. कार्यभार, पदभार, शाळेच्या विज्ञानातला धनप्रभार नि ऋणप्रभार, सातबाऱ्यावरचा बोजा: सगळी ओझीच. ‘आरोप’सुद्धा संस्कृतात मुळात वर ठेवणे, चढवणे. विहिरीचं पुनर्भरण करतात त्या ‘भरण’मध्येही धातू ‘भार’चाच. मराठीने ते गाडीवरचं ओझं न सांगता ओळखलं आणि नगानगांनी उतरवून घेतलं. ‘आकार’ तेवढा वेगळ्या घरचा.

तरी यातल्या ‘प्रभार’बद्दल माझी तक्रार आहे. विज्ञानाच्या पुस्तकात तो शोभतो. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ही आता रुळला, जिल्हा परिषदेच्या शाळांत तर कायमच्या मुख्याध्यापकापेक्षा तोच जास्त दिसतो. पण कर्जाच्या कागदांत ‘मिळकतीवर प्रभार निर्माण करण्यात येत आहे’ असं छापलेलं असतं, तेव्हा सही करणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं काही कळत नाही. ‘बोजा बसवला’ म्हणा, त्याला सगळं कळेल, आणि कदाचित तो सही करण्याआधी विचारही करेल. असे घडवलेले शब्द कागदावर राहतात आणि माणसं जुनेच बोलतात, हा अनुभव नवा नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांकडून करवून घेतला. आज जिजाऊंच्या माहेरी, सिंदखेडराजाच्या तहसिलीत जाऊन सातबारा मागा. ‘तहसील’ अरबी आणि सातबाऱ्यावरचा ‘इकरार’ही अरबीच. कोशातला प्रयत्न मोठा होता, पण लोकांच्या तोंडातला शब्द हलवणं फार अवघड. म्हणून माझा नियम साधा आहे. इंग्रजीचं मराठी करताना ज्या खिडकीवर कागद जाणार तिथे बोलला जाणारा शब्द आधी घ्यायचा. त्यात कायदा नेमका बसत नसेल तर शेजारी कलम लिहायचं. ‘प्रभार’सारखा शब्द अगदी शेवटी, दुसरं काहीच उरलं नाही तर.

भाषांतर करून घ्यायला येणाऱ्यांना मात्र एक विनंती. नुसता सातबारा आणू नका. इतर हक्कात बोजा असेल तर तिथे लिहिलेल्या क्रमांकाचा फेरफारही काढून आणा. बोजा गहाणखताचा, इकराराचा की वसुलीचा, ते त्यावरूनच ठरतं. आणि कर्ज फिटलं असेल तर निल दाखला घरी पेटीत ठेवू नका. तो तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करून घ्या, मग भाषांतराला या. जिवंत बोजाचं भाषांतर मी जिवंत म्हणूनच करणार.